पोथीचा कोपरा

पावसाळा सरला आणि ऊन कडक पडायला लागलं की मी पुस्तकं वाळत घालायचो. देवळासमोरच्या खळ्यात बायका भात वाळवत, त्यांच्या शेजारीच चटया टाकून मी पुस्तकं उभी करायचो, पानं पंख्यासारखी उघडून. जाणारा-येणारा थांबायचा. "लखू, अवंदा पीक कसा काय?" मी म्हणायचो, "पीक बरं आहे, पण कसरीचा वाटा आधी काढावा लागतो."

लोकांना वाटतं, वाचनालयातली नोकरी म्हणजे सावलीत बसून वाचत राहायचं. कोकणच्या हवेत पुस्तक ही मासळीसारखी नाशवंत वस्तू आहे हे त्यांना कुठून ठाऊक असणार? चार महिने पाऊस, मग दमट भिंती, मग वाळवी, आणि पानं खाणारी बारमाही कसर. बांधणीची खळ करताना मैद्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, नाहीतर झुरळं पुठ्ठा चाटून साफ करतात. कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. परत आलेलं पुस्तक आधी उलटं धरून झटकायचं. कसालच्या बाजारातले एक दुकानदार खूण म्हणून पुस्तकात सुकं सुंगट, म्हणजे कोळंबी, ठेवायचे. त्यांचं पुस्तक कपाटात गेलं की गावातली मांजरं दारात बसून राहायची. मी भीत भीत सांगितलं, तर म्हणाले, "अरे, कागदाची खूण पडता. सुंगटाक वास येता, पान बरोबर गावता."

मला वाचनालयाच्या या अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा जेवण गोड लागेना. मराठी चौथी झालेला माणूस मी. पुस्तकं उन्हात घालणं वेगळं आणि त्यांत लिहिणं वेगळं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती ज्यांची आहे त्यांच्या घरी जाऊन, विचारून मगच लिहायला बसलो आहे. का विचारलं ते पुढे कळेल.

मी मूळचा जव्हारकडचा, वारली. पन्नास-बावन्नच्या सुमारास मामाबरोबर कोळशाच्या भट्टीच्या कामाला या बाजूला आलो. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. कसालच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या भट्ट्या होत्या. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पावसाच्या तोंडावर मला ताप भरला. ठेकेदाराने माणसं उचलली आणि दुसरीकडे नेली. मामालाही जावं लागलं. मी देवळाच्या पडवीत पडून राहिलो. तिथे मला रोज पेज आणून घातली ती भाऊंच्या आईने. भाऊ म्हणजे गावचे मानकरी, देवळाचा कारभार त्यांच्याकडे, आणि नुकत्याच निघालेल्या वाचनालयाचे अध्यक्षही तेच. उठून बसायला लागलो तसा मी पुडीचे कागद वाचत बसायचो. भाऊंनी ते पाहिलं. "वाचूक येता तुका?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी किल्ली हातात दिली. माझं नाव लखमा. भाऊंनी लक्ष्मण केलं, गावाने लखू. मी कशालाच हरकत घेतली नाही. दोन वेळचं अन्न, डोक्यावर कौलं आणि कपाटभर पुस्तकं. माझ्या घराण्यात एवढं कुणाला मिळालं होतं?

आमचं वाचनालय फिरतं होतं. पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं भरून मी वालावलपर्यंत जायचो. खाडीत होडीवाला ट्रंक पायाखाली ठेवू द्यायचा नाही. "ट्रंक भिजली तर चलात, इद्या भिजता नये," म्हणून ती माझ्या मांडीवर. वालावलला एक मावशी होत्या, विधवा, चांगल्या वाचणाऱ्या. त्यांची अट अशी की कादंबरीत कोण मरतं ते मी आधी सांगायचं. "प्वॉर मरणारा पुस्तक माका नको. म्हातारो मेलो तर चलात." त्यामुळे देण्याआधी प्रत्येक पुस्तक मला शेवटपर्यंत वाचावं लागे. माझं जे काही शिक्षण झालं ते त्या मावशींच्या अटीवर झालं.

आणि संध्याकाळचं वाचन. गावात वाचता येणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ. म्हणून दिवेलागणीनंतर देवळाच्या सभामंडपात मी मोठ्याने वाचायचं, असा भाऊंनी पायंडा पाडला. बायका खांबाच्या डाव्या अंगाला, पुरुष उजव्या, बत्ती मध्ये. जेवणाच्या वेळेपर्यंत वाचन, मग सगळे उठायचे. मालवणीत बोलणाऱ्या माणसांना पुस्तकी मराठी ऐकवायची तर मध्येच थांबून उलगडून सांगावं लागतं. उलगडताना मी चुकलो की मागून दुरुस्ती यायची.

अशात ती कादंबरी आली. लिहिणारे सामंत मास्तर, मालवणच्या बाजूला शिक्षक. त्यांनी बरीच वर्षं ठाकरांबरोबर पायी फिरून ती लिहिलेली. ठाकर म्हणजे आमच्या गावाच्या डोंगराखाली राहणारी माणसं. चित्रांची पोथी उघडून गोष्ट सांगणारे, कळसूत्री बाहुल्या नाचवणारे. 'आदिवासी' हा शब्द तेव्हा गावात कुणी वापरत नसे, ते ठाकर आणि मी कोळशेवाला. आपल्या गावातली माणसं छापून आली म्हटल्यावर गाव उसळला. मंडपात बसायला जागा उरेना.

पुस्तक फार सुंदर होतं, हे आधी सांगतो. चित्र रंगवताना ठाकर दगड उगाळून रंग कसा काढतात ते वाचताना माझ्या हाताला रंग लागल्यासारखं वाटायचं. पण त्यात एक प्रकरण असं होतं, की ही माणसं वाऱ्यासारखी आहेत, त्यांना कुठलीच माती धरून ठेवत नाही, शेवटी ती डोंगर सोडून निघून जातात आणि मागे वळूनही पाहत नाहीत. मी ते जीव ओतून वाचलं. वाचून थांबलो तर पुरुषांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "आयकलास मा भिकाजी? तुमका माती नको. मगे सोडा तो पोथीचो कोपरो."

सगळे हसले. भिकाजी ठाकर खांबाला टेकून बसले होते. ते हसले नाहीत.

पोथीचा कोपरा म्हणजे देवळाखालचं भाताचं एक लहानसं शेत. सणावारी देवळात चित्रांची पोथी सांगायची, त्या बदल्यात ते ठाकरांच्या घराने कसायचं, असं संस्थानच्या वेळी ठरून गेलेलं. भिकाजींचे आजे-पणजे त्यावर जगले. आता संस्थान गेलं होतं, इनामं मोडत होती, आणि अशा जमिनींची चौकशी करायला साहेब गावोगाव येत होते. कायद्याची कलमं मला कळत नाहीत. मला कळलं ते एवढंच: गावात त्यांचा गोष्ट सांगण्याचा हक्क अजून जिवंत आहे असं दिसलं तर कोपरा त्यांच्या नावावर चढणार. हक्क मेला म्हटलं तर कोपरा देवळाकडे. आणि देऊळ म्हणजे भाऊ. भाऊंच्या मनात पाप नव्हतं. मंडपाची कौलं गळत होती, कोपऱ्याचं भात आलं तर कौलं होतील, एवढाच त्यांचा हिशोब.

भिकाजींना सगळे आजा म्हणत. मी त्यांना पोथी सांगताना पाहिलं होतं. मांडीवर फळी, फळीला टेकवलेलं चित्र, मागे त्यांचा सख्खा भाऊ हुडूक वाजवतोय. आजा नुसतं चित्राच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि लढाई सुरू व्हायची. त्याच चित्रातला तोच राक्षस, पण आवाज चढला की तो आपल्याकडे सरकतोय असं वाटायचं. पुढे शहरात मी पुष्कळ नाटकं पाहिली. तशी भीती पुन्हा बसली नाही.

त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर आजा बत्तीजवळ आला.

"गोष्ट बरी बांधल्यान मास्तरान," तो म्हणाला. "वाचतंस पण बरो. पण कोणाक इचारून वाचतंस?"

मला वाटलं भाऊंबद्दल विचारतोय. "भाऊंनीच सांगितलं."

"भाऊ देवळाचो. गोष्ट देवळाची न्हय." मग खाली बसून त्याने मला समजावलं, रागावून नाही, लहान पोराला वाट दाखवावी तसं. ठाकरांच्या घरांना गावं वाटून दिलेली आहेत. या गावात गोष्ट सांगायची ती यांच्या घराने. दुसऱ्या गावचा ठाकर आला, सख्खा भाचा असला, तरी त्याने नारळ-सुपारी ठेवून आधी विचारायचं. "माझो जावय इलो व्हतो, तेणाव इचारल्यान. तू पोथी घेवन इलंस, रोज सांगतंस, माणसां जमवतंस. कागदाची आसली तरी पोथी ती पोथीच. तू इचारूक नाय. उद्या सायब इचारतलो, तुमच्या हक्काक कोण मान देता? मी काय सांगू? आमचीच गोष्ट आमका न इचारता देवळात सांगतत?"

मग त्याने विचारलं, "लखमा ना रे तू? तुझ्या मुलखात काय रीत आसा?"

माझ्या खऱ्या नावाने मला गावात कुणी हाक मारत नसे.

आमच्याकडे लग्नात देवीचा चौक रंगवतात आणि धवलेरी तिथे बसून गाणी म्हणते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती म्हणते तीच कहाणी, आणि तिनेच म्हणायची. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तर लग्न लागत नाही. माझ्या आईचा आवाज धवलेरीपेक्षा गोड होता, पण ती मांडवात कधी गायली नाही. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी देवळात बसून ठाकरांची गोष्ट सांगत होतो. कारण ती छापलेली होती. छापलेल्याला कुणी मालक असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगितलं. ते विड्याचं पान जुळवत होते. "पुस्तकाक कसलो नारळ? उद्या वर्तमानपत्र वाचूक पण नारळ ठेवशीत? वाचन चालू ठेव." आणि वर म्हणाले, "ह्या चौकशेच्या दिवसांत नसती नाटकां नको रे." मी हो म्हटलं. भाऊंना मी नाही कधी म्हटलंच नव्हतं. माझ्या अंगावरचा सदरा त्यांचा होता.

पण झोप लागेना. शेवटी मी माझ्या बुद्धीने मधला मार्ग काढला. देवळात नको, गुपचूप त्यांच्या घरी जाऊन विचारून टाकू. भाऊंनाही कळणार नाही, आजाचंही समाधान. पहाटे आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, नारळ आणि सुपारी घेतली आणि ठाकरवाड्यात गेलो.

आजाची बायको, आजी, अंगण सारवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून उभी राहिली. "बस रे बाबा," म्हणाली आणि आत गेली. आत कुजबुज. दोन-तीन घरांतून बायका डोकावल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. आजी तांब्या घेऊन बाहेर आली आणि मोठ्या मायेने म्हणाली, "झिला, तू बरो आसस, आमका ठावक आसा. पण आमच्या घरात आता लग्नाचा चेडू उरूक नाय. धाकट्याचा गेल्या वर्सा दिला."

एकटा, बिनलग्नाचा पुरुष, पहाटे आंघोळ करून नारळ-सुपारी घेऊन घराच्या पायरीशी आला, तर मुलगी मागायला आला, याशिवाय त्याचा दुसरा अर्थ काय होणार? "नाही आजी, पुस्तकासाठी आलोय," मी म्हटलं.

"पुस्तकासाठी चेडू?" पलीकडची म्हणाली आणि बायकांचा बांध फुटला. आजा आतून आला तोही हसून हसून डोळे पुशीत होता. त्याने नारळ हातात घेतला नाही.

"हय आणलेलो नारळ सोयरिकीचो," तो म्हणाला. "हक्काचो नारळ गावासमोर ठेवतत. दिव्याम्होरे. कोणाक दिसलो नाय तर तो ठेवलोच नाय."

"भाऊ काढून टाकतील मला."

"टाकतीत," आजा म्हणाला. "मी तुका खोटा सांगूचंय नाय. टाकूक शकतत." मग त्याने मला पेज प्यायला बसवलं. पोथीच्या कोपऱ्यातल्या भाताची पेज. नारळ ठेवच असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि ते जास्त जड गेलं.

त्या संध्याकाळी मंडप भरला. भाऊ नेहमीच्या जागी, लोडाला टेकून. मी पुस्तक उघडलं नाही. नारळ-सुपारी घेतली, समईसमोर ठेवली आणि आजासमोर उभा राहिलो. काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आवाज निघाला तो माझ्या घरच्या बोलीत निघाला.

"आजा, माना गोठ सांगाची हाय. सांगू का?"

मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. आजा सावकाश मांडी घालून ताठ बसला. या माणसाने एवढी वर्षं चेष्टा ऐकली होती, पण त्या घटकेला तो दरबारात बसल्यासारखा दिसत होता.

"कोणाची गोष्ट?"

"तुमची."

"बांधल्यान कोणी?"

"सामंत मास्तरांनी."

"सांगतलो कोण?"

"मी. लखमा."

"खंयचो?"

"जव्हारचा. वारली."

बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण असं उभं राहून कुणी म्हणालं नव्हतं. आजाने नारळाला हात लावला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "सांग. ह्या वर्सा सांग. पुढच्या वर्सा परत इचार."

मग त्याने भावाला खूण केली. भावाने कापडात गुंडाळलेली पोथी सोडली आणि गणपतीचं चित्र काढून समईपाशी उभं केलं. आजाने दोन ओळी म्हटल्या. चित्र तिथेच राहिलं आणि मी त्याच्यासमोर कादंबरी वाचली. भाऊ मात्र गणपती निघाला तेव्हाच उठले. उपरणं झटकलं आणि गेले.

सकाळी ते वाचनालयात आले. "किल्ली दी." मी दिली. ट्रंकेत माझे दोन कपडे भरायचे होते, ट्रंक माझी की वाचनालयाची याचा विचार करत मी उभा होतो. भाऊंनी कपाट उघडलं, बराच वेळ शोधून एक पुस्तक काढलं, कपाट लावलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि निघून गेले. त्यांनी नेलेलं पुस्तक पाककृतींचं होतं. ते त्यांनी कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

कादंबरी संपायला आली तेव्हा सामंत मास्तर स्वतः आले. मसुऱ्यात कुणाकडे आले होते, तिथे त्यांना कळलं की आपलं पुस्तक नारळ ठेवून वाचलं जातंय. मला धास्ती, की त्यांना अपमान वाटेल. ते आले ते सरळ आजाच्या शेजारी जमिनीवर बसले. दोघांची जुनी ओळख होती.

"भिकाजी, काय चुकलं असेल तर सांग."

"चुकला काय नाय. बाहुलेची दोरी धरूची रीत माझ्या नातवांक येणा नाय, ती तुमी लिवलास. फकत आमका डोंगर सोडूक लावलास."

"गोष्ट तिकडेच गेली रे. मला फार वाईट वाटत होतं लिहिताना."

"वायट वाटला ता दिसता. पण मास्तर, देवळात सांगलेला मागसून गावात चलत येता. म्हणान आमी पोथी मरणावर कधी थांबवणाव नाय. लढाय झाली तर राज्याभिषेक दाखवूनच गुंडाळतो, पेज थंड झाली तरी."

मास्तर म्हणाले, "पुढच्या पुस्तकात परत आणतो तुम्हाला."

"आणा. पण तेका परत इचारूक व्हया."

दोघेही हसले. शेवटचं प्रकरण मी वाचलं ते जसं लिहिलं होतं तसंच. मात्र ते संपल्यावर आजाच्या भावाने राज्याभिषेकाचं चित्र समईपाशी लावलं आणि मग लोक उठले. मास्तर त्या चित्राकडे खूप वेळ पाहत राहिले.

चौकशीचे साहेब आले ते भात पोटरीत आल्यावर. देवळाच्या पायरीवर खुर्ची मांडली. तरुण होते, घाटावरचे, उन्हाने हैराण झालेले. भाऊंना त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"सेवा चालू आहे?"

"पूर्वी होती," भाऊ कचेरीतल्या मराठीत म्हणाले. "अलीकडे लोक नाटकाला बसतात. पोथीला कोण बसतो?"

यात खोटं काही नव्हतं.

आजा म्हणाला, "आमी दर वर्सा सांगतो. आयकणारे कमी झाले तर आमी काय करूचा सायबा? देवाक आंघोळ घालतत ती कोण बघता म्हणान घालतत?"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी मान हलवली. "तुम्ही सांगता हे ठीक. पण तुमचा हक्क आहे असं गाव मानतं का? कोणी सांगेल?"

गाव उभा होता. सगळे भाऊंकडे बघत होते, आणि भाऊ आपल्या वहाणांकडे. मी मागे होतो. मला आमचा पाडा आठवला. तिथेही असाच एक साहेब आला होता म्हणे, मी पाळण्यात असताना. डोंगर कुणाचा, कुणी सांगेल का, असं त्याने विचारलं होतं. जंगलात राहणारी माणसं, खुर्चीसमोर कुणाला बोलता आलं नाही. डोंगर गेला.

"मी सांगतो," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"वाचनालयात असतो."

"गावचे?"

"नाही. जव्हारचा."

"मग तुमची साक्ष कशी चालेल?"

"साहेब, गावचा असतो तर मला विचारावं लागलंच नसतं," मी म्हणालो. कुठून आलं कोण जाणे. "बाहेरच्यालाच विचारावं लागतं. मी देवळात गोष्ट वाचतो. यांच्यापुढे नारळ ठेवला, यांनी सांग म्हटलं, मगच पुस्तक उघडलं. पुढच्या वर्षी परत विचारायचं ठरलंय."

साहेब भाऊंकडे वळले. "हे खरं?"

भाऊंनी खोटं म्हटलं असतं तर तिथे दुसरं कोणी बोललं नसतं. मी तर नाहीच. त्यांच्या आईच्या पेजेवर मी जगलो होतो, एका दिवसात दोनदा त्यांच्याविरुद्ध बोलायचं बळ माझ्यात नव्हतं. भाऊंनी वर पाहिलं. मंडपाच्या कौलांकडे.

"खरं," ते म्हणाले. मग कचेरीची मराठी त्यांच्या तोंडून सुटली. "माझ्यासमोर इचारल्यान. आणि भिकाजीन सांग म्हणीसर सगळो गाव गप बसान रवलो. मीव."

पुढे केव्हातरी तलाठ्याने येऊन सांगितलं, की पोथीचा कोपरा भिकाजी ठाकराच्या नावावर चढला. आजा तेव्हा त्याच कोपऱ्यात बांधाला माती लावत होता. "बरां," म्हणाला आणि उरलेला बांध पुरा केला.

मी त्या वाचनालयात पुष्कळ वर्षं राहिलो. भाऊ माझ्याशी पूर्वीसारखे मोकळे व्हायला वेळ लागला, आणि ती खंत मला आहे. दुसरी खंत, की रेडिओ आला तशी मंडपातली माणसं हळूहळू कमी झाली, माझ्या वाचनाची आणि आजाच्या पोथीचीही. मी त्याच्याकडून दोन ओळीसुद्धा शिकलो नाही. शिकायला मागायचंही धाडस झालं नाही. जव्हारला एकदा जाऊन आलो. आमच्या डोंगरावर सरकारी साग उभा होता, ओळीने. विचारायचं कुणाला, ते कळेना.

पण त्या चौकशीनंतरच्याच हंगामातली एक सकाळ सांगून थांबतो. मी ट्रंक घेऊन कसालच्या वाटेला लागलो होतो. ठाकरवाड्याजवळ भाऊ दिसले, डोक्यावर छत्री, अंगात धुतलेला सदरा. आजाच्या अंगणात उभे.

"भिकाजी," ते म्हणत होते, "जत्रेक भायली नाटकमंडळी आणूची आसा म्हणतंय. देवळात खेळ करतीत. चलात मा?"

आजा मातीच्या वाटीत रंग उगाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"खंयची मंडळी?"

"वेंगुर्ल्याकडची."

"कसली गोष्ट सांगतत?"

"ता इचारूक नाय मी."

"मगे इचार करून सांगतंय," आजा म्हणाला आणि रंग उगाळत राहिला.

ऊन चढत होतं. मी वाटेवर थांबलो, ट्रंक डोक्यावर. भाऊ परत फिरतील असं मला वाटलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, छत्री मिटली, आणि आजाच्या पायरीवर बसून घेतलं.